गल्लीतली कॉफीची दुकानं: तुम्ही काय बघता, आणि वाईट अनुभव लिहिता का?

मुक्ता_कोथरूड

गेल्या जूनपासून मी एक नेम धरला आहे. शनिवारी सकाळी आठच्या सुमारास घरातून निघायचं आणि पुण्यातल्या एखाद्या लहान, स्वतंत्र कॉफीच्या दुकानात जाऊन बसायचं. साखळी दुकानं वगळली, मॉलमधली वगळली. जिथे मालक किंवा मालकीण स्वतः मशीनमागे उभी असते आणि आजूबाजूच्या सोसायट्यांतले लोक घरच्या चपलांवर येतात, अशाच जागा धरते. प्रभात रोड, मॉडेल कॉलनी, डहाणूकर, सहकारनगर, बाणेर, कल्याणीनगर असं करत करत ३१ जागा झाल्या. सगळीकडे पहिली ऑर्डर एकच, बिनसाखरेची कॅपुचिनो. आवडली तर पुढच्या खेपेला काळी. वहीत चार ओळी लिहून ठेवते.

घरून काम सुरू झाल्यापासून दिवसचे दिवस घरच्यांखेरीज कुणाशी बोलणं होत नव्हतं. आज या दुकानांमधली पाच-सहा माणसं मला नावाने ओळखतात. म्हणून या दुकानांबद्दल जीव तुटतो.

आता प्रश्न. घरापासून सात मिनिटांवर एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये असंच एक दुकान आहे. आत चार टेबलं, बाहेर कडुलिंबाखाली दोन बाक. माझ्या वहीत कितीतरी दिवस ते पहिल्या नंबरावर होतं. तिथला मुलगा प्रत्येक कपाची पूड काट्यावर तोलायचा, दूध तापवून झालं की वाफेची नळी लगेच ओल्या फडक्याने पुसायचा आणि कप ठेवताना कान उजव्या हाताकडे वळवून ठेवायचा. मागच्या महिन्यापासून तो दिसत नाही. त्यानंतर मी तीनदा गेले. तिन्ही वेळा कॉफी कडवट, करपट. दूध इतकं तापलेलं की जीभ पोळली. नळीवर आदल्या कपाचं दूध वाळून चिकटलेलं. किंमत मात्र तीच, २२० रुपये.

मोबाइलवरच्या नकाशावर या दुकानाला जेमतेम साठ-सत्तर अभिप्राय आहेत. त्यातले पाच तारे माझे आहेत. आता दोन तारे द्यावेत तर इतक्या लहान दुकानाला ते लागणार. गप्प बसावं तर माझ्या शब्दावर विसंबून कुणीतरी जाईल आणि पैसे घालवेल. तुम्ही काय कराल? किती वेळा जाऊन मग लिहिता? आणि गेल्यावर नेमकं काय बघता?

शंतनू_डेक्कन

३१ जागा! ताई, आधी यादी द्या, मग प्रश्न विचारा.
माझ्यापुरतं सांगतो: नळीवर वाळलेलं दूध दिसलं की मी उठतो. तिथे चवीचा प्रश्नच उरत नाही.

अनघा७

मी लिहीन. सरळ. तीनदा वाईट कॉफी मिळाली म्हणजे तो योगायोग नाही. परीक्षण हे पुढच्या गिऱ्हाइकासाठी असतं, मालकासाठी नसतं. आपण एखादी जागा मनाला लावून घेतो आणि मग तिथल्या चुका पोटात घालतो. पण जो माणूस पहिल्यांदा आणि एकदाच जाणार आहे त्याचं काय? त्याला त्या आधीच्या पाच-सहा चांगल्या कपांचा काय उपयोग?

जुना_डेक्कनकर

माझं वय ७१. शेजारचं दुकान म्हणजे काय हे आम्ही इराण्याकडे शिकलो. गुडलक १९३५ पासून आहे. कॉलेजात असताना एक बन-मस्का आणि एक चहा घेऊन आम्ही चौघे दीड तास बसायचो, कुणी उठवलं नाही. आम्रपाली, रूपाली, वैशाली ही हॉटेलं त्यापुढची. तिथे स्टीलच्या पेल्यातली फिल्टर कॉफी प्यायला शिकलो. वेटरला आमची ऑर्डर सांगावी लागत नसे.

मला मुक्ताताईंचा नेम फार आवडला. पण २२० रुपयांत चौघे दीड तास बसू शकतील का, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

मुक्ता_कोथरूड

काका, बसू शकतात, निदान मी जाते त्या बहुतेक ठिकाणी. मॉडेल कॉलनीतल्या एका दुकानात सकाळच्या फिरण्याहून परतणारे सहा आजोबा रोज येतात. चौघांत दोन कॉफ्या घेतात, बाकीचे दोघे नुसतेच बसतात. मालकीणबाई त्यांच्यासाठी दोन खुर्च्या जास्तीच्या आणून ठेवते.

बंगळूरवासी

चौघांत दोन कॉफ्या म्हणजे आमच्याकडची ‘बाय-टू’ झाली की! इथे काउंटरवर ‘बाय-टू कॉफी’ म्हटलं की एक कॉफी दोन पेल्यांत वाटून देतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

मूळची सांगलीची, लग्नानंतर बंगळूरला. शंकरपुरातल्या ब्राह्मिन्स कॉफी बारला (१९६५ पासूनचं) बसायला जागाच नाही. फुटपाथवर उभं राहायचं, इडली-वडा आणि कॉफी. चर्च स्ट्रीटवरचं इंडिया कॉफी हाउस पूर्वी एम. जी. रोडवर होतं, २००९ मध्ये इकडे हललं. जुनं गिऱ्हाईक सगळं नव्या जागी आलं. जागा बदलली तरी माणसं येतात, पण हात बदलला की येत नाहीत. मुक्ता, तुझ्या गॅरेजचं तेच झालंय.

भट्टीवाला

सिंहगड रोडला माझं लहान दुकान आहे. नाव देत नाही, जाहिरात नको. पण मशीनच्या पलीकडून चार गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

डबल शॉटला (शॉट म्हणजे मशीनमधून दाबाने काढलेली थोडीशी दाट कॉफी, एस्प्रेसो; डबल म्हणजे दुप्पट) १८ ग्रॅम पूड लागते. त्यातून ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी २५ ते ३० सेकंदांत उतरली पाहिजे. फार लवकर उतरली तर आंबट आणि पाणचट, फार उशिरा उतरली तर कडू. हे सगळं ठरतं ग्राइंडरमधून येणाऱ्या पुडीच्या जाडीवर, आणि ती जाडी एकदा लावली की झालं असं नसतं. बिया भाजून किती दिवस झाले यावर बदलते, हवेवर बदलते. पावसाळ्यात तर सकाळी आठला जुळवलेली जाडी दुपारी सर येऊन गेली की बिघडते. रोज सकाळी शटर वर करायच्या आधी मी चार-पाच शॉट काढून, चाखून ओतून देतो. हिशोबाने एका किलोत ५५ कप व्हायला हवेत, प्रत्यक्षात कधीच होत नाहीत. त्यात २०२४ पासून कच्च्या बियांचे भाव असे चढले की जुन्या दरपत्रकावर कागद चिकटवून नवी किंमत लिहिताना हात जड झाला. लोकांना वाटतं २२० रुपये म्हणजे सगळा नफा. भाडं, वीज, दूध, दोन मुलांचे पगार आणि मशीनचा हप्ता गेला की कपामागे उरतं ते थोडं असतं.

चांगला हात तयार व्हायला सहा महिने लागतात. तयार झाला की साखळीवाले जास्त पगार देऊन नेतात. मी त्या मुलांना दोष देत नाही, त्यांनाही घर चालवायचं असतं.

मुक्ताताई, तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून सांगतो: मुलगा गेल्यापासून ग्राइंडरला कुणी हात लावलेला नाही. पूड फार बारीक येत असणार आणि शॉट ४०-४५ सेकंद रेंगाळत असणार. दूध पोळतंय म्हणजे थर्मामीटर नाही आणि हाताला अजून अंदाज नाही. दूध ६०-६५ अंशांवर थांबवावं लागतं, त्यापुढे गोडवा जातो. तुम्ही फक्त एवढं विचारा, “शॉट किती सेकंदांत उतरतोय?” ज्याला आस्था आहे तो मालक या प्रश्नावर लगेच घड्याळ लावून बघेल.

शंतनू_डेक्कन

भट्टीवाला, दंडवत. वाचनखूण साठवली.

प्रिया_औंध

विषय निघालाच आहे तर विचारते. मागच्या आठवड्यात बाणेरच्या एका जागी काळी पोअरओव्हर (पुडीवर वरून गरम पाणी ओतून गाळलेली कॉफी) घेतली. साडेतीनशे रुपये दिले आणि कॉफी आंबट! लिंबू पिळल्यासारखी. मी परत केली तर तो मुलगा नम्रपणे म्हणाला, “मॅडम, ही अशीच असते.” हे खरं की मला गुंडाळलं?

निळ्या_शाईचा_पेन

प्रियाताई, दोन्ही शक्य आहे. कॉफी हे मुळात फळ आहे, लाल चेरीसारखं, आपण त्यातली बी भाजतो. हलकं भाजलं तर फळाचा आंबटपणा राहतो, गडद भाजलं की तो जाऊन कडूपणा आणि धुरकट वास येतो. आपल्या जिभेला पिढ्यान् पिढ्या गडद भाजलेल्या, चिकोरी मिसळलेल्या कॉफीची सवय, म्हणून हलकी भाजणी पहिल्यांदा प्यायली की दचकायला होतं.

ओळखायची एक खूण सांगतो. कॉफी थोडी निवू द्या आणि मग घोट घ्या. आंबटपणाबरोबर गोडवा जाणवला, संत्र्यासारखा किंवा पिकलेल्या करवंदासारखा, तर ती तशीच असते. नुसतं दात आंबवणारं, पाणचट आणि पाठोपाठ काहीच नाही, तर पाणी पुरेसं गरम नव्हतं किंवा पूड जाड होती.

आंबट नकोच असेल तर मलबार मान्सून्ड मागा. या बिया पश्चिम किनाऱ्यावर उघड्या गोदामांत पसरून पावसाळी वाऱ्यात आठवडेच्या आठवडे ठेवतात. त्या फुगतात, हिरव्याच्या पिवळट होतात आणि आंबटपणा जवळजवळ जातो. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना बियांना समुद्राचा ओलावा लागून हेच व्हायचं. जहाजं वेगवान झाली तशी ती चव गेली, तेव्हा ती किनाऱ्यावर मुद्दाम आणायला सुरुवात झाली. मला या कॉफीचा फार अभिमान वाटतो. आपल्या पावसाने घडवलेली चव आहे ती.

प्रिया_औंध

करवंदासारखा! आता परत जाऊन बघते. धन्यवाद, इतकं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. त्या मुलाने सांगितलं असतं तर मी परत केलीच नसती.

सुलभा_नाशिक

अवांतर होतंय, पण राहवत नाही. कॉफी म्हटलं की मला आमच्या घरची आठवते. पितळी पातेल्यात दूध, त्यात थोडं पाणी, साखर, कॉफीची पूड, आणि उकळी फुटली की जायफळ. जायफळ किसायचं नाही. सहाणेवर दुधाचे दोन थेंब टाकून दोनच वेढे उगाळायचे आणि बोटाने ते पातेल्यात निपटायचं. जास्त झालं तर पिणारा दुपारभर झोपतो. मुलीकडच्यांकडे पाहुणे आले की चहा मोठ्यांना आणि कॉफी खास माणसाला. माझ्या लग्नात वरपक्षाला सकाळी कॉफी मिळाली नाही म्हणून चुलतसासरे तासभर बोलत नव्हते!

या नव्या दुकानांत ही कॉफी कुणी करतं का?

भट्टीवाला

सुलभाकाकू, आम्ही करतो. आषाढात सुरू करतो, दिवाळीला बंद. आईने सहाण दिलीय दुकानात ठेवायला. फक्त दूध उकळत नाही, वाफेवर तापवतो आणि जायफळ आधी कपात. पहिल्या वर्षी दोन वेढ्यांचे चार झाले आणि एका काकांना खरोखर रिक्षात बसवून घरी पाठवलं. :)

सुलभा_नाशिक

पुण्याला आले की नक्की येईन. व्यक्तिगत निरोपात पत्ता कळवा.

वऱ्हाडी_मेळघाट

आमच्या चिखलदऱ्याला कॉफी पिकते हे इथे किती जणांना ठाऊक आहे? इंग्रजांच्या काळापासूनची लागवड आहे. सगळे चिकमगळूर, कूर्ग, अराकू म्हणतात. ते बरोबरच आहे, देशातली बहुतेक कॉफी कर्नाटकातच होते. पण महाराष्ट्रातल्या दुकानांनी वर्षातून एकदा तरी फळ्यावर ‘चिखलदरा’ लिहावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. लहानपणी मावशीकडे जायचो तेव्हा अंगणात सुकत घातलेली फळं पायाखाली येऊन फुटायची, तो चिकट गोडसर वास अजून नाकात आहे.

निळ्या_शाईचा_पेन

+१. भट्टीवाला, ऐकताय ना?

भट्टीवाला

ऐकतोय. नमुना मिळाला तर भाजून बघतो आणि इथेच लिहितो.

रेवती_मेलबर्न

मला या धाग्यावर माझं शहर आणावंसं वाटतंय, कारण गल्लीतल्या दुकानांनी शहर जिंकलेलं मी इथे पाहतेय. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीहून, ग्रीसहून आलेल्या लोकांनी मेलबर्नला एस्प्रेसोची सवय लावली. बर्क स्ट्रीटवरचं पेलेग्रिनीज १९५४ पासून चालू आहे, अजूनही बारला स्टुलावर बसून प्यायची. डेग्रेव्ज स्ट्रीट म्हणजे दोन इमारतींमधलं बोळ, पण सकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. स्टारबक्सने २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ८४ पैकी ६१ शाखा बंद केल्या. लोकांना आपला ठरलेला माणूस सोडून तिकडे जायचं कारणच नव्हतं.

इथे मी एक पाहिलं. कॉफी बिघडली तर लोक आधी काउंटरवर सांगतात, “आज जरा कडू लागली, बघतोस का?” तो लगेच दुसरी करून देतो, चेहरा न पाडता. नकाशावर लिहायची वेळ क्वचित येते. आपल्याकडे आपण समोर गोड बोलतो, कप अर्धा टाकतो आणि घरी जाऊन लिहितो. मुक्ता, तू आधी बोल असं मला वाटतं.

अनघा७

रेवती, पटलं नाही. मी पैसे मोजून गेलेय, त्यांना शिकवायला नाही. माझी आई बोलायला गेली होती एकदा, एका जागी (नाव नको). तिथला माणूस सगळ्यांसमोर म्हणाला, “आजी, तुम्हाला ही कॉफी कळणार नाही.” तिचा चेहरा उतरलेला मी बघितलाय. त्यानंतर ती अशा कुठल्याच दुकानात आलेली नाही. सगळ्यांना तोंडावर सांगणं जमत नाही, आणि सांगितल्यावर ऐकून घेणारे सगळे नसतात. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठीच तर लेखी अभिप्राय असतो.

रेवती_मेलबर्न

अनघा, आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. हे मी लक्षात घेतलं नव्हतं.

जुना_डेक्कनकर

अनघाताई, आईंना माझ्यातर्फे सांगा, त्यांना कळत होतं, त्याला कळलं नाही.

या निमित्ताने माझी एक तक्रार. गुडघे झिजले आहेत. नवी दुकानं उंच स्टुलं ठेवतात आणि पायऱ्यांना कठडा नसतो. गाणी इतकी मोठ्याने की शेजारच्याचं ऐकू येत नाही. मुक्ताताई, तुमच्या वहीत एक रकाना वाढवा: पाठ टेकायची खुर्ची आहे का, पायऱ्या किती, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का. आमच्या वयाच्या लोकांना कॉफीच्या आधी हे बघावं लागतं.

मुक्ता_कोथरूड

काका, वाढवला. इतके दिवस हे सुचलं नाही याची लाज वाटली. आठवून आठवून मागच्या ३१ जागा भरतेय. पायरी नसलेल्या फक्त ९ निघाल्या.

मंदार_आयटी

लॅपटॉपवाल्यांबद्दल कुणीच बोललं नाही अजून. कल्याणीनगरला एका आठ टेबलांच्या जागी रविवारी गेलो, आठही टेबलांवर एकेक माणूस, एकेक लॅपटॉप, रिकामे कप. आम्ही तिघे बाहेर उभे. ज्या दुकानात बसायलाच मिळत नाही ते शेजारचं दुकान कसलं? मी तरी अशा जागेचे दोन तारे कमी करतो.

सई_लातूर

मंदारदादा, मी त्या आठ टेबलांमधली एक असू शकते, म्हणून लिहिते.

मी लातूरहून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी आले. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते, एका खोलीत पाच जणी. अभ्यासिकेत खुर्ची आहे पण बोलता येत नाही, खोलीवर बोलता येतं पण बसता येत नाही. चहाच्या टपरीवर किंवा अमृततुल्यापाशी एकटी मुलगी दहा मिनिटांच्या वर उभी राहिली की बघणारे बघतात. महिन्यातून दोनदा मी १२० रुपयांची अमेरिकानो घेते आणि दोन तास बसते. त्या दोन तासांत मला कुणी विचारत नाही की तू कुणाची वाट बघतेस. पुण्यात अशी दुसरी जागा मला अजून सापडलेली नाही.

गर्दी झाली की मी स्वतःहून उठते. मालकिणीने एकदा पाण्याची बाटली आणून ठेवली आणि म्हणाली, “तू बस गं, संध्याकाळी सहापर्यंत कुणी येत नाही.” म्हणून मी दुपारी तीनला जाते.

मंदार_आयटी

सई, मी माझे शब्द मागे घेतो. हे मला माहीतच नव्हतं. रविवारी सकाळचं तेवढं माझं म्हणणं कायम, पण तारे कमी करणार नाही.

बंगळूरवासी

सई, परीक्षेला खूप शुभेच्छा. तू लिहिलंस ते वाचून मला माझे पहिले सहा महिने आठवले इथले. भाषा येत नव्हती, नवरा दिवसभर ऑफिसात. कोपऱ्यावरच्या दर्शिनीतला (उभ्याने खायच्या लहान उपाहारगृहातला) कॉफीवाला मला बघून न विचारता साखर कमी टाकायचा. त्या शहरात मला ओळखणारा तो पहिला माणूस.

शंतनू_डेक्कन

मूळ प्रश्नाकडे वळूया का? मुक्ताताई, गॅरेजचं काय झालं?

मुक्ता_कोथरूड

आज जाऊन आले, म्हणूनच इकडे लिहायला बसले.

मुद्दाम साडेदहाला गेले, गिऱ्हाईक नसतं तेव्हा. मालकीणबाई एकट्याच होत्या. मी कॅपुचिनो घेतली, तशीच करपट. मग उठून काउंटरपाशी गेले आणि भट्टीवाला यांनी सांगितलेला प्रश्न विचारला, “शॉट किती सेकंदांत उतरतोय हल्ली?” त्या दोन क्षण माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “तो गेल्यापासून मी मोजलंच नाही.”

मोबाइलचं घड्याळ लावलं. ४७ सेकंद. कपात पडणारी धार सुरुवातीलाच काळी, मग नुसते थेंब थेंब. त्यांनी ग्राइंडरची कडी जरा जाडीकडे फिरवली. दुसरा शॉट ३८. परत फिरवली, पूड ओतून दिली, तिसरा ३१. धार मधासारखी तांबूस आली. मला म्हणाल्या, “तुम्हीच चाखा. डॉक्टरांनी माझी कॉफी दोन महिन्यांपूर्वी बंद केली आहे.”

म्हणजे त्या दुकानात महिनाभर कॉफी चाखणारं कुणी नव्हतंच. तो मुलगा त्यांना सांगून, पेढे देऊन गेला. दुसरा मिळेना. आठवडाभर बारा-बारा तास त्या एकट्याच मशीनमागे होत्या. नळी पुसायचं फडकं वाळत टाकलेलं, दुसरं आणायचं राहिलेलं. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला कळेना काय बोलावं. तिसऱ्या शॉटची कॉफी मी प्यायले. पूर्वीइतकी नाही, पण चांगली. पैसे घेत नव्हत्या, मी दोन्ही कपांचे ठेवून आले.

भट्टीवाला

हे वाचून बरं वाटलं. त्यांना सांगा, गिळायची गरज नसते. घोट तोंडात फिरवून थुंकला तरी चव कळते, चाखणारे सगळे असंच करतात. आणि मुलगा मिळेपर्यंत मंगळवारी माझं दुकान बंद असतं, मी येऊन ग्राइंडर लावून देईन. कॉफी बोर्डाचे प्रशिक्षणवर्ग असतात, त्याची माहितीही घेऊन येतो.

अनघा७

मुक्ता, तू केलंस ते चांगलंच केलंस, मनापासून म्हणते. पण माझा मुद्दा मी सोडत नाही. ज्या महिनाभरात शंभर-दोनशे लोकांनी करपट कॉफी प्यायली, त्यांना कुणी सांगितलं? तुझे पाच तारे तेव्हाही तिथेच होते.

मुक्ता_कोथरूड

अनघा, याला माझ्याकडे उत्तर नाही, तुझं बरोबर आहे. मी जुना अभिप्राय बदललाय. तारे तूर्त काढून टाकले नाहीत, चार केले. खाली लिहिलं: जूनपासून कितीदा गेले, कुठल्या महिन्यात कॉफी उत्तम होती, कुठल्या महिन्यात बिघडली, आज काय प्यायले, किती वाजता. त्यांना विचारूनच ‘कॉफी करणारा बदलला आहे’ हेही लिहिलं. महिन्याने परत जाऊन परत बदलेन. यापुढे तारीख आणि वेळ घातल्याशिवाय एकही ओळ लिहायची नाही असं ठरवलंय.

अनघा७

हे चालेल मला. आणि पाठ टेकायच्या खुर्च्या आहेत का तिथे? आईला आणते.

मुक्ता_कोथरूड

आहेत. वेताच्या, हात असलेल्या. एकच पायरी आहे, तीही उथळ. आईंना नक्की आण, त्या बाई फार मायाळू आहेत.

जुना_डेक्कनकर

मलाही पत्ता हवा. कॉफीच्या दुकानात येऊन मी चहा मागितला तर चालेल ना?

मुक्ता_कोथरूड

काका, आलं घालून मिळतो. बोर्डावर लिहिलेला नाही, विचारावं लागतं.

सगळ्यांना व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवतेय. पुढच्या शनिवारी सकाळी साडेनऊ. सई, तुझी कॉफी माझ्याकडून, आणि नाही म्हणायचं नाही. सात जण झालो तर बाहेरचे दोन्ही बाक लागतील, म्हणून नक्की येणाऱ्यांनी शुक्रवार संध्याकाळपर्यंत इथे लिहा, म्हणजे त्यांना आधी सांगून दूध जास्तीचं आणून ठेवायला सांगते.

मंदार_आयटी

मी येतोय. लॅपटॉप घरी.

सई_लातूर

येते, ताई. अकराला अभ्यासिकेत परत पोहोचायचं आहे, तोवर आहे.